जाफाच्या बाजारातली येमेनी चांदी

तेल अवीवला गेलात तर जाफाचा जुना बाजार बघाच, फक्त शनिवारी जाऊ नका, शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, बहुतेक दुकानं बंद असतात. माझ्यासोबत लोदच्या एक काकू होत्या, मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, मराठी अजून ठसक्यात बोलतात आणि जुन्या चांदीचा त्यांना भारी नाद.

गालिचे, मोडके रेडिओ वगैरे ओलांडून आम्ही एका येमेनी चांदीच्या टेबलापाशी थबकलो. नळीसारखी ताईताची डबी, तिला हिर्झ म्हणतात, अंगभर बारीक रवाकाम, म्हणजे चांदीचे इवले दाणे बसवलेले, खाली घुंगरं आणि मधल्या सपाट पट्टीवर हिब्रूत 'शद्दाय' हे देवाचं नाव. शेजारी तशीच बिनअक्षरांची डबी, तिची किंमत जवळपास निम्मी!

काकूंनी पर्समधून भिंग काढलं. "अगं हे बघ, रवे झिजून पार गुळगुळीत, खाचांत काळं बसलंय, आणि अक्षरं बघ कशी, नखाला लागतायत." खरंच, अक्षरांच्या आत चांदी पांढरीशुभ्र होती. शिवाय डबीला एका जागी पोचा आलेला आणि एका अक्षराची रेघ सरळ त्या पोच्यात उतरून पलीकडे निघालेली, म्हणजे आधी डबी चेपली आणि मग कधीतरी कोणीतरी नाव कोरलं. विकणारा मात्र शंभर वर्षं जुना ज्यूइश पीस म्हणून ठासून सांगत होता.

गंमत म्हणजे ज्यूइश तर ती तशीही असणार. येमेनमध्ये चांदीचं काम मुख्यतः ज्यू कारागीरच करायचे, गिऱ्हाईक मुसलमान असो नाहीतर ज्यू, दागिना बराचसा सारखाच. 1949-50 मध्ये तिथले सुमारे 49 हजार ज्यू विमानांनी इस्राएलला आले, त्यांच्यासोबत असली चांदीही आली. आता टूरिस्टला अक्षर दिसल्याशिवाय पटत नाही म्हणून चांगल्या कामावर ओरखडे काढायचे, मला तर रागच आला.

मुळातलीच अक्षरं बघायची असतील तर जर्मनीत एर्फुर्टच्या जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, 14व्या शतकातली सोन्याची लग्नाची अंगठी आहे, वर चिमुकलं घर आणि 'मझल तोव्ह' म्हणजे शुभेच्छा अशी अक्षरं, 1349 च्या ज्यूंच्या कत्तलीच्या सुमारास पुरलेला तो खजिना 1998 मध्ये सापडला. तसल्या, वर घर असलेल्या आणि जुन्या म्हणून मिरवलेल्या बऱ्याच अंगठ्या 19व्या शतकातल्या असाव्यात असं आता जाणकार मानतात.

काकूंनी बिनअक्षरांची डबी घासाघीस करून घेतली. तुम्हाला घ्यायची असेल तर आधी जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये येमेनी ज्यू नवरीचा साज नीट बघा, कामाचा अंदाज येतो, आणि भिंग स्वतःचं न्या.