मामांचा आवाज आणि मोत्या

इचलकरंजीत जनावरांचा दवाखाना चालवताना मागवाल्यांचा आवाज ओळखीचा होऊन जातो. यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस घरीही ओरडूनच बोलतो. त्यात राग नसतो. समोरच्याला ऐकू जावं, एवढंच. मोत्याच्या मालकांचा आवाज तसाच. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, मीही म्हणतो.

"डॉक्टर, खायला मी घालतोय, फिरवायला मी नेतोय आणि गुरगुरतंय माझ्यावरच की हे! आज सकाळी तर दात लावला."

मनगटावर ओरखडा होता. आधी तो साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायला लावला. मोत्याला लस दिलेली असली तरी इथून थेट सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करा, असंही बजावलं. मामी मागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "घरात नात लहान आहे. थोरला म्हणतोय, लांब कुठंतरी मळ्यात सोडून येऊ."

घरात वाढलेलं कुत्रं मळ्यात सोडणं म्हणजे त्याला मरायला सोडणं. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

चिडणाऱ्या कुत्र्याचं आधी दुखणं शोधावं लागतं. कान, दात, कंबर, पाय, सगळं तपासलं. कुठेच काही नव्हतं. मग मामांना म्हणालो, घरी करता तसे लाड करून दाखवा.

मामा सरळ समोरून गेले, वाकले, डोळ्यांत डोळे घातले आणि वरून डोक्यावर हात आणत गरजले, "शाब्बास रे माझ्या वाघा!"

मोत्यानं तोंड फिरवलं. जिभेनं ओठ चाटले. जांभई दिली. डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, अंग ताठ झालं. शेपूट मात्र खाली दबून भरभर हलत होतं.

"बघा, शेपूट हलवतंय. म्हणजे खूश हाय की!"

हा गैरसमज फार घरांत आहे, आणि त्यापायी माणसं चावून घेतात. खूश कुत्र्याचं नुसतं शेपूट हलत नाही, सगळी कंबर सैल होऊन डुलते. ताठ अंगाचं, दबलेलं शेपूट घाबरल्याची खूण असते. नॉर्वेच्या श्वान-प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी ही तोंड वळवण्याची, ओठ चाटण्याची, जांभईची भाषा बारकाईनं मांडली आहे: कुत्रं अशा खुणांनी तणाव निवळायला बघतं. मोत्या गुरगुरण्याआधी इतक्या परींनी 'नको' म्हणत होता. आणि गुरगुरल्याबद्दल मारलंत, तर उद्या तो न गुरगुरताच चावेल.

"पण मी शाब्बासच म्हणतोय न्हवं?"

बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१६ साली कुत्र्यांना स्कॅनिंग यंत्रात शांत पडून राहायला शिकवून त्यांचा मेंदू तपासला होता. कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले, तेव्हाच मेंदूतली सुखाची केंद्रं जागी झाली. मामांचा शब्द बरोबर होता; सूर मोत्याला धमकीचा वाटत होता आणि वर अंगावर आलेली सावली.

आवाज खाली आणायचा प्रयत्न मामांनी मनापासून केला, पण दोन वाक्यांत तो परत चढायचा. मागाच्या आवाजानं कानही मंदावलेत. म्हणून म्हणालो, मामा, बोलूच नका. स्टुलावर आडवे बसा, भिंतीकडे बघा, हात खाली मोकळा सोडा.

बराच वेळ काही घडलं नाही. मामी चुळबुळायला लागल्या, मी खुणेनं थांबवलं. मग मोत्या वळसा घेत बाजूनं आला आणि बोटं हुंगू लागला. मी सांगितलं, छातीवर थोडं खाजवा आणि हात काढून घ्या. मामांनी हात काढला. मोत्यानं नाकानं कोपर ढकललं.

"आणखी मागतोय," मी म्हणालो.

मामांचे डोळे भरून आले. शब्द वापरायचाच असेल तर कोणता, असं त्यांनी विचारलं. त्यांचं लहानपण औतामागं गेलेलं. बैल थांबवताना काय म्हणत होता, मी विचारलं. "होऽऽऽ," मामा म्हणाले. लांब, उतरत जाणारा सूर. तुटक, चढे आवाज जनावराला हलवतात, लांब सूर त्याला निवांत करतो. तोच सूर ठेवा म्हटलं.

पुढच्या लसीला आले तेव्हा मळ्याचा विषय घरात बंद झाला होता. रात्रपाळीहून आल्यावर मामा आधी पायरीवर आडवे बसतात, मोत्या स्वतःहून येतो. नात मात्र अजून त्याच्या गळ्याला मिठी मारते आणि तो तोंड फिरवतो. रविवारी तिलाही घेऊन या, असं मामींना सांगून ठेवलंय.