बॉक्समधले मफिन

शनिवार, रात्र

सकाळपासून बर्फ चालूच, बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता, मग जिफीच्या मक्याच्या मफिनच्या तयार मिक्सचा बॉक्स काढला. मिशिगनमध्ये राहून हे मिक्स घरात नसेल तर नवलच, कंपनी इथलीच, ॲन आर्बरजवळच्या चेल्सी गावातली, १९३० मध्ये मेबल व्हाइट होम्स नावाच्या बाईंनी पहिलं मिक्स काढलं, घरची पिठाची गिरणी होतीच. पूर्वी यात लार्ड म्हणजे चक्क डुकराची चरबी असायची त्यामुळे आपल्यातले बरेच जण हात लावायचे नाहीत, आता नसते, तरी मी सवयीने बॉक्स उलटा करून बारीक अक्षरं वाचतेच.

आई आलीये सध्या पुण्याहून. बोलमध्ये पीठ ओतल्या ओतल्या तिने थोडं हातात घेतलं, मूठ वळून बघितली आणि म्हणाली, "अगं, यात मोहन घातलेलंय!" मी बघतच राहिले. खरंच आहे ते, फॅट आधीच पिठात चोळलेलं असतं म्हणून तर तेल-बटर काही लागत नाही, एक अंडं आणि पाव कपाहून जरासं जास्त दूध, बास. आज आईसाठी अंड्याऐवजी दही घातलं, शिवाय मिरची-कोथिंबीर, जिरं, कारण मूळचं मिक्स आपल्या जिभेला फारच गोड लागतं. आई लगेच ते भज्याच्या पिठासारखं फेटायला लागली, तिला थांबवलं. गुठळ्या राहिल्या तरी चालतात, जास्त ढवळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि मफिन आतून भोकाभोकांचे होतात. तीन-चार मिनिटं तसंच ठेवायचं, की वर छान फुगतात, मग ४०० फॅरेनहाइटला साधारण पंधरा-वीस मिनिटं. दह्यामुळे जरा कमी फुगले पण आत मऊ, कडा खरपूस, गरम गरम फोडून वर तूप. जमलेच!

ग्रुपवर फोटो टाकला तर एक मैत्रीण म्हणे, मिक्सचे का, मग घरचे कसे म्हणायचे? अगं बाई, दिवाळीत तू चितळ्यांच्या पाकिटाचे गुलाबजाम करतेस तेव्हा सगळ्यांना "घरी केलेत" म्हणूनच वाढतेस ना, आणि गिट्सचा ढोकळा? त्याला कुणी नाव ठेवत नाही. मैदा, साखर, फॅट, बेकिंग पावडर, मीठ कोणीतरी आधीच मोजून ठेवलं एवढाच काय तो फरक. स्क्रॅचपासून, म्हणजे मिक्सशिवाय, करायलाही मला आवडतं, पण सुट्टीच्या दिवशी, आणि ओटा पुसायला दुसरं कुणी असेल तर. (लिहिलं नाही हे ग्रुपवर, उगाच वाद कशाला.)

आईला आता परत जाताना चार बॉक्स बॅगेत हवेत, एकेक जेमतेम पावशेराचा, वजन ते काय होणारे म्हणे. म्हटलं तिकडे ओव्हन कुठाय आपल्याकडे, तर म्हणाली आप्पेपात्र आहे की.