कानातले गुडघे

सकाळी नागपूरच्या अंबाझरीला फिरायला येणारी साठीपुढची मंडळी तलावापेक्षा गुडघ्यांवर जास्त बोलतात. कोणाची वाटी घासली, कोणाची बदलायची आहे. तसलेच सांधे कानातही असतात म्हटलं, तर लोक थट्टा समजतात.

पण असतात. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं. रिकीब तर जेमतेम 3 मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. त्यांच्यामधले दोन सांधे अगदी गुडघ्याच्या जातीचे, कूर्चा आणि वंगणासकट. आणि वयाबरोबर झिजतातही तसेच. 1974 साली एथोल्म आणि बेलाल या संशोधकांनी मृतांच्या कानांची हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर म्हाताऱ्या कानांत चक्क संधिवात! गंमत म्हणजे त्यामुळे ऐकू येण्यात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. गुडघ्याला अख्खा माणूस पेलायचा असतो. इथे साध्या बोलण्याने होणारी हालचाल केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सांधा आखडला तरी तिन्ही हाडं मिळून हलतात आणि पडद्यावरचा दाब साधारण वीसपट करून आतल्या द्रवाला पोचवतात. पडदाही वयाने थोडा ताठरतो, पण तेही निभावतं.

खरी गळती त्याच्याही आत, कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत. तिथल्या सुमारे 15 हजार केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत, आणि त्यातल्या उंच पट्टीचा आवाज टिपणाऱ्या आधी जातात. म्हणजे नेमके स, श, फ. आ-ओ ठणठणीत ऐकू येतात, व्यंजनं गळतात. त्यात मे महिना, खिडकीत घरघरणारा कूलर. मी विचारते, ‘‘मावशी, साखर हवी?’’ मावशी म्हणते, ‘‘आत्ता कुठची भाकर?’’ मग मी आवाज चढवते, स्वर तेवढे मोठे होतात, ‘स’ आपला हरवलेलाच. वर ऐकून घ्यायचं, ‘‘ओरडते कायले? मी काई बहिरी नाई!’’

आधी कानातला मळ तपासून घ्यावा, हे खरं. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. नाहीतर समोर बसून, सावकाश बोलायचं आणि कूलर बंद करायचा. पण नागपुरात 45 अंशांत कूलर बंद करा म्हणणारा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे.