रद्दीने मोजलेलं घर

आमचं घर 380 चौरस फुटांचं. राहणारे तिघं: मी, नवरा आणि आई. घर लहान आहे याचं वाईट कधी वाटलं नाही, पण वावरताना जीव मेटाकुटीला यायचा. दिवाणाचा कोपरा गुडघ्याला, कपाटाची मूठ कोपराला. आणि दोघांना एकाच वेळी जायचं असेल तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं.

मी सुरुवात केली रंगापासून, आणि तिथेच चुकले. फिकट रंगाने खोली मोठी दिसते हे इतक्यांदा ऐकलं होतं की डोळे झाकून पांढराशुभ्र लावून घेतला. आमच्या बाहेरच्या खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून. थेट ऊन नाहीच. रंग वाळला आणि खोली चक्क राखाडी दिसायला लागली. मग रंगाऱ्याने शेडकार्डावरचा एलआरव्ही नावाचा आकडा दाखवला. रंग किती प्रकाश परत फेकतो ते त्यावरून कळतं. 0 म्हणजे काळाकुट्ट, 100 म्हणजे पूर्ण पांढरा. "पण ताई, परत फेकायला आधी प्रकाश पडायला तर हवा," तो म्हणाला. हे आधी सांगायला काय झालं होतं, देव जाणे. शेवटी किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा निवडला आणि भिंतींना, छताला तोच एक दिला. भिंत संपून छत सुरू होतं ती रेघच पुसट झाली. छत वर गेल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

खरा फरक पडला तो मात्र रद्दीमुळे. एका रविवारी सगळं सामान आतल्या खोलीत कोंबलं आणि बाहेरच्या रिकाम्या जमिनीवर प्रत्येक वस्तूच्या मापाचे कागद चिकटवले. दिवाण, टीपॉय, कपाट, खुर्च्या. आणि मग त्यांच्या मधून चालून पाहिलं. दिवाण आणि कपाट यांच्यामध्ये 17 इंच उरत होते. माणसाला अंग न चोरता जायला निदान 30 इंच लागतात. म्हणजे गेली सहा वर्षं आम्ही आपल्याच घरात आडवे चालत होतो! टीपॉयचा कागद मी तिथेच फाडला. त्यावर चहा कधी ठेवलाच जात नव्हता, नुसती बिलं आणि चार्जर.

कपाटाचा प्रश्न नाजूक होता. ते आईचं, लोखंडी, 2 फूट खोल. मी नुसता विषय काढला तर म्हणाली, "अगं, त्यापेक्षा मलाच माळ्यावर टाक ना!" कपाट राहिलं. फक्त दारातून आत आल्यावर पहिली नजर पडते त्या भिंतीवरून हलवून ते दाराच्याच बाजूला नेलं. आता आत येताना समोर थेट खिडकी दिसते. दिवाण गेला, त्याच्या जागी उंच पायांचा सोफा आला. त्याच्याखालून पलीकडच्या भिंतीपर्यंत फरशी दिसते, आणि फरशी दिसली की खोली तिथवर आहे हे डोळ्यांना पटतं. फक्त त्याखाली काहीही सरकवायचं नाही हा नियम पाळावा लागतो. दिवाणाच्या पोटातल्या गाद्या कुठे ठेवायच्या यावरून महिनाभर कुरबूर झाली, ती वेगळीच.

आतल्या खोलीचा दरवाजा 30 इंची. तो उघडताना जमिनीवरची जवळजवळ 5 चौरस फूट जागा अडवायचा, तिथे काही ठेवता यायचं नाही. सुताराकडून तो भिंतीवरून सरकणारा करून घेतला. त्यासाठी शेजारची भिंत दरवाजाएवढी मोकळी लागते. आमच्या तिथे नेमका स्विचबोर्ड निघाला, तो हलवावा लागला. आणि हेही सांगते, सरकता दरवाजा पूर्वीसारखा घट्ट बसत नाही. नवऱ्याचं घोरणं आता आईलाही ऐकू जातं.

आरशाची गंमत तर विचारू नका. मोठा आरसा लावा, खोली दुप्पट दिसते म्हणतात. दिसली की! पण समोर होतं उघडं फडताळ. डबे, पिशव्या, औषधं, सगळा पसारा दोनदा दिसायला लागला. आठवडाभरात तो काढून खिडकीलगतच्या आडव्या भिंतीवर लावला, तेव्हा कुठे त्यात उजेड दिसला. पडद्याची दांडी चौकटीपासून उचलून छताजवळ नेली आणि दोन्ही बाजूंना 8-8 इंच लांब घेतली. पडदे सरकवले की ते भिंतीवर गोळा होतात, काच पूर्ण मोकळी. मधल्या एकट्या ट्यूबलाइटने कोपरे काळोखे राहायचे, तिथे दोन छोटे दिवे आले.

इतकं सगळं झाल्यावर खिडकीजवळचा एक कोपरा रिकामा राहिला. नवऱ्याने तिथे आरामखुर्ची हवी म्हणून टुमणं लावलं. मी काही बोलले नाही, त्याच्या हातात रद्दी आणि चिकटपट्टी दिली. खुर्चीच्या मापाचा कागद चार दिवस जमिनीवर होता. पाचव्या दिवशी पडदा सरकवायला गेला आणि त्यावर तो स्वतःच उभा राहिला. रात्री गुपचूप कागद काढलेला दिसला.