गुंजवण्याच्या वाटेवरची धायटी

राजगड याआधी चार वेळा केला, चारही वेळा पावसात. यंदा मार्चमध्ये गेलो आणि निम्मी सकाळ एका झुडपापाशीच गेली.

पायथ्याच्या गुंजवणे गावातून वर निघालं की झाडी मागे पडते आणि उघडी धार लागते. गवत वाळून कोळ झालेलं, पायाखाली घसारा. त्यात अचानक लालभडक फांद्या दिसल्या. धायटी! पुरुषभर उंचीचं झुडूप, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या आणि त्यांना नुसती फुलं लगडलेली. बोटाच्या पेराएवढी लाल नळी. हा लाल रंग पाकळ्यांचा नव्हेच, बाहेरच्या कोशाचा. पाकळ्या एवढ्याशा, नळीच्या तोंडाशी दडलेल्या. पुंकेसर मात्र लांब बाहेर आलेले.

तिथेच बसलो. जांभळा शिंजीर आला, उलटा लोंबकळला आणि एकेका नळीत चोच घालत फांदीभर फिरला. वर आला तेव्हा त्याच्या काळ्याभोर कपाळाला पराग चिकटले होते. मग चष्मेवाल्या पक्ष्यांचा थवा आला. मधमाश्या तर सगळीकडे. भर उन्हाळ्याच्या तोंडावर त्या उघड्या धारेवर एवढी पंगत बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

ताक विकणाऱ्या मावशी शेजारी टेकल्या. "ल्हानपनी आमी हीच फुलं चोखायचो," म्हणाल्या आणि एक फूल तोडून हातावर ठेवलं. आधी गोडसर, मग तुरट. वाळलेली फुलं औषधाला जातात हेही त्यांना ठाऊक. आयुर्वेदात हीच धातकी. आसव-अरिष्टं ही पातळ औषधं आंबवायला घालतात.

गड पाहिला. पद्मावती माचीवर गर्दी होती, स्पीकर होते. लवकर उतरलो.

उतरताना वाट थोडी चुकली आणि पलीकडच्या उतारावर आलो. सगळा काळा. वणवा. गवत चांगलं येतं म्हणून पेटवतात, कुणी विडी टाकतं. कारण काही असो, मला ते सहन होत नाही. जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, सरडे असतात, ते कुठे जाणार? धायटी मुळापासून पुन्हा फुटते हे माहीत आहे, पण तिचा यंदाचा बहर गेला तो गेलाच.

काळ्या पट्ट्याच्या कडेला एक झुडूप अर्धं होरपळलं होतं. करपलेल्या बाजूची फुलं हात लावताच चुरली. दुसऱ्या बाजूला शिंजीर मध पीत होता.