ढवळ्याचे ब्रेक, भाग ६ : डिस्क निर्दोष सुटली

ढवळ्याची, म्हणजे माझ्या कांदा वाहणाऱ्या गाडीची, ब्रेक लावल्यावरची थरथर कुठून येते ते सापडलं एकदाचं! आठ महिने, दोनदा लेथकाम (डिस्क छिलून सपाट करणं), पॅडची एक जोडी आणि घरात उरलीसुरली अब्रू खर्ची पडल्यावर, शनिवारी रात्री साडेदहाला. थरथर हबमधून, म्हणजे चाक आणि ब्रेकची डिस्क ज्यावर बसते त्या भागातून, येत होती. डिस्कचा काही दोष नव्हता. ज्या दोन डिस्कना मी पाचही भागांत शिव्या घातल्या, त्यांची इथं जाहीर माफी मागतो.

लक्षण तुम्हाला पाठ आहे, तरी एका ओळीत सांगतो. तुळजापूरहून कांदा भरून घाट उतरताना ऐंशीच्या वर हलका ब्रेक लावला की पेडल पायाच्या तळव्याला टकटक मारतं आणि स्टिअरिंग थरथरतं. चाळीसच्या खाली सगळं शांत. लेथवरून डिस्क आणून बसवली की दोन-तीन हजार किलोमीटर लोणी, मग पुन्हा तेच. उत्तर या शेवटच्या वाक्यातच होतं, पण मला दिसत नव्हतं.

ते दाखवलं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्या अण्णांनी. तिसऱ्यांदा डिस्क घेऊन गेलो तर त्यांनी मशीनला लावून फिरवली, सुई पाहिली आणि काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "मालक, ही माझ्याकडं आली की सरळ. तुमच्या गाडीत गेली की वाकडी. मग वाकडं कोण, सांगा की!" पैसे घेतले नाहीत. उलट स्वतःचा डायल गेज (डिस्क किती डगमगते ते सुईनं दाखवणारं मीटर) आणि मॅग्नेटवाला स्टँड दिला. अट दोन कलमांची होती : उद्या दुपारपर्यंत परत, आणि पोराला हात लावू द्यायचा नाही.

पोरानंच लावला. घोडीवर गाडी, डावं चाक बाहेर, स्टँड नकलला (हब धरून ठेवणारा, न फिरणारा भाग) चिकटवलेला, गेजची टीप डिस्कच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत. पोरगा आकडे वाचतोय, मी डिस्क फिरवतोय. पहिल्यांदा ०.२२ मिलिमीटर. दुसऱ्यांदा ०.०९. तिसऱ्यांदा ०.३१. अर्धा तास गेला, डोकं फिरलं. मग लक्षात आलं की चाक काढल्यावर डिस्क हबवर नुसती लटकते आहे, तिला धरणारं कुणी नाही. सहाही नटांना जाड वॉशर लावून ती आवळली आणि मग सुई ताळ्यावर आली. ०.१४, पुन्हा ०.१४, पुन्हा ०.१४. ज्याला मोजायचं असेल त्यानं नट लावल्याशिवाय गेज बाहेरच काढू नये. आणि त्याआधी चाक वर-खाली हलवून बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघून घ्यावा, नाहीतर बेअरिंगचा हिशेब डिस्कच्या खात्यावर पडतो.

०.१४ म्हणजे किती? साध्या कागदाच्या जाडीपेक्षा थोडंसं जास्त. मी ०.०५ च्या आत आल्याशिवाय समाधान मानत नाही. पण हे ०.१४ डिस्कचं की हबचं? त्यासाठी खडूचा खेळ केला. सुई जिथं सगळ्यात वर जाते तिथं डिस्कवर एक खूण केली आणि तिच्या लगतच्या स्टडवर (नट बसतो तो हबचा बोल्ट) दुसरी. नट काढले, डिस्क एक स्टड पुढं सरकवली, म्हणजे साठ अंश, आणि पुन्हा आवळली. खोट डिस्कमध्ये असेल तर उंचवटा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकणार. खोट हबमध्ये असेल तर उंचवटा त्याच स्टडपाशी थांबणार.

"बाबा, सुई परत तिथंच!"

आणखी एक स्टड सरकवली, तरी तिथंच. ०.१३. त्या रात्री गल्लीतल्या कुत्र्यांनीसुद्धा माझ्याकडे वळून पाहिलं, एवढ्या मोठ्यानं ओरडलो.

डिस्क काढून बॅटरी मारली. हबचं तोंड लांबून स्वच्छ दिसतं. नखानं चाचपलं तेव्हा दोन स्टडच्या मध्ये, कडेला, गंजाची पापडी लागली. लोखंडाच्याच रंगाची, दाबून बसलेली, कागदापेक्षाही पातळ. हबचं तोंड साधारण पंधरा सेंटिमीटरचं आणि डिस्क एकोणतीसची. म्हणजे कडेला पापडी जेवढी उंच, त्याच्या जवळजवळ दुप्पट थरथर डिस्कच्या टोकाला. आणि मी दर वेळी अण्णांकडून आरशासारखी डिस्क आणून त्या पापडीवर बसवत होतो!

मग लगेच थरथर का नाही, दोन-तीन हजारांनंतरच का? आता उमगलं. डिस्क तिरकी बसली तरी फ्लोटिंग कॅलिपर (पॅड धरणारा, पिनांवर सरकणारा भाग) तिच्याबरोबर डोलतो, म्हणून सुरुवातीला पायाला काही कळत नाही. पण ब्रेक सोडलेला असतानाही तिरक्या डिस्कचा उंच भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जातो. हजारो किलोमीटर तो एकाच जागी चाटला जाऊन तिथं डिस्क पातळ होते. पेडलला मारणारी असते ही जाडीतली तफावत. मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी मोजली : जास्तीत जास्त २४.३१, कमीत कमी २४.२८. तीन शतांश मिलिमीटर, आणि त्याच्यावर मी आठ महिने झोप घालवली. "डिस्क बेंड झाली" असं आपण सगळेच म्हणतो. माझी तरी बेंड झालेली नव्हती, एका जागी झिजलेली होती.

पापडी काढायला वायर ब्रश, मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर. ग्राइंडर लावायचा मोह झाला होता. नका लावू, हबच खड्ड्यात जाईल. स्टडच्या बुडाशी ब्रश पोचत नाही, तिथं जुन्या सॉकेटच्या तोंडाला पॉलिश पेपर चिकटवून तो स्टडवर घालून फिरवला. या जुगाडावर मी अजून खूश आहे. जुनी डिस्क परत बसवून मोजली : ०.०६.

आता गंमत बघा. रोग सापडला, पण जुनी डिस्क वाचली नाही. तिच्यावर किमान जाडी २४ कोरलेली आहे. नवी २६ ची होती. दोन्ही लेथकामांत मिळून मिलिमीटरभर गेलं, बाकी झिजलं. उरले तीन दशांश. गरज नसताना छिलून घेतली म्हणून नवी घ्यायची वेळ आली. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मी पहिल्यांदाच बोलायला पायजे होतो."

तर खरेदी. मालिकेच्या मागच्या भागात जिचा विचार होता ती होलवाली डिस्क रद्द. दिसते झकास, पण पॅड तापून त्यातून वायू सुटायचा त्या काळची ती सोय आहे; आजच्या पॅडला ती गरज फारशी उरलेली नाही. वर टनभर कांदा घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत भेगा त्या होलांच्या कडेपासूनच सुरू होतात. मला लोखंड जास्त हवं, भोकं नकोत. साधी, व्हेंटिलेटेड (दोन थरांच्या मधून हवा खेळणारी), मधल्या टोपीला गंजरोधक लेप असलेली जोडी घेतली. सोलापुरातल्या एका दुकानात आधी "ओरिजिनल" म्हणून जी दाखवली तिच्यावर किमान जाडीचा आकडाच कोरलेला नव्हता. त्यांच्याच काट्यावर ठेवायला लावली तर माझ्या झिजलेल्या डिस्कपेक्षाही हलकी! खोका मात्र अस्सल वाटत होता. दुकानाचं नाव घेत नाही, पण इथून पुढं डिस्क घ्यायला जाताना मी जुनी डिस्क पिशवीत घालूनच नेणार. शेवटी पुण्याहून मागवली, दोन दिवसांत आली. नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं धुतल्याशिवाय पॅड जवळ आणू नका.

नवी डिस्क डावीकडं बसवली : ०.०७. थोडा हिरमुसलो. मग पुन्हा खडू. हबचा उरलेला उंचवटा आणि डिस्कचा स्वतःचा उंचवटा समोरासमोर आले तर एकमेकांना खातात. दोन स्टड सरकवून ०.०३. उजवीकडं पहिल्याच फटक्यात ०.०४. डिस्क आणि स्टड दोन्हींवर पंचनं ठिपका मारून ठेवलाय, पुढच्या वेळी शोधायला नको.

पॅडवर थोडक्यात, कारण इथं ब्रँडवरून डोकी फुटतात. पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं बघा. पहिलं थंड असताना किती धरतो ते, दुसरं तापल्यावर. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. माझे जुने एफई होते, म्हणजे घाटाच्या शेवटी, जिथं सगळ्यात जास्त गरज, तिथंच हात सोडणारे. मी सेमी-मेटॅलिक जीजी घेणार होतो. मित्रानं अडवलं : थंडीत पहाटे चावतील, काळी धूळ, किंचाळणं, आणि डिस्क खातील ते वेगळंच. एफएफ घेतले, सिरॅमिक. बसवताना डावा आतला जुना पॅड तीन मिलिमीटर आणि बाहेरचा सात निघाला. खालची कॅलिपर पिन जाम! मागं कुणीतरी तिला साधं पिवळं ग्रीस चोपडलं होतं, त्यानं रबरी बूट फुगून पिन आवळून धरली होती. नवे बूट, सिलिकॉन ग्रीस, आता पिन बोटानं सरकते. पिस्टन मागं ढकलताना निपल उघडून जुनं काळं ऑइल बाहेर काढलं आणि डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल भरलं. चाकाचे नट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना), समोरासमोरचे जोडीनं. पंक्चरवाल्याच्या नट आवळायच्या गनला आता समोरच्या चाकांपाशी प्रवेश बंद.

पॅड डिस्कवर घासून बसवून घ्यायला त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सहाला चिंचोळी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. साठवरून पंधरापर्यंत ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग. असं दहा वेळा, मध्ये वारा लागायला अर्धा मिनिट. सातव्या वेळी जळका वास आला, पोरानं नाक धरलं. नंतर दहा किलोमीटर ब्रेक न लावता गार केली. डिस्कवर एकसारखी करडी झाक उतरली, कुठं डाग नाही.

आणि मग परीक्षा. वीस पोती कांदा, म्हणजे टनभर, तुळजापूरचा घाट उतरून मार्केट यार्डाकडं. ऐंशीवरून हलका ब्रेक. काही नाही. पुन्हा. काही नाही. पेडल असं गुळगुळीत की मी उगाचच दोन-चार वेळा दाबून बघितलं, मागच्या एसटीवाल्यानं हॉर्न मारला. पोरानं डॅशबोर्डवर ठेवलेला पाण्याचा ग्लास सांडला नाही (आधी अर्धाच भरला होता, हे त्यानं घरी सांगितलं नाही).

घाट संपल्यावर बाजूला थांबून सवयीनं चाकांवर पाणी शिंपडलं. पुढच्या डिस्कवर चर्र! मागं डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहेत; त्या ड्रमवर पाणी नुसतं ओघळलं. तेव्हा म्हटलं, पुढं जास्त तापणारच. आता हे लिहिताना मात्र हात थांबला. गाडी भरलेली, वजन सगळं मागं, आणि ड्रमवर तळहात ठेवता येतो?

भाग ३ आठवा. कांद्यासाठी मागच्या स्प्रिंगला एक जादा पाटा टाकला होता. आणि मागच्या ॲक्सलला जोडलेला तो लोडवाला वॉल्व्ह, एलएसपीव्ही, गाडी मागून किती बसली यावरून मागच्या ब्रेकला प्रेशर सोडतो. जादा पाट्यामुळं टनभर घातलं तरी ढवळ्या पूर्वीइतका बसत नाही. वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी! मागचे ब्रेक आळशी, सगळं ओझं पुढच्या डिस्कवर. म्हणजे जीजी पॅडचा मोह झाला तोसुद्धा मीच टाकलेल्या पाट्यामुळं.

त्यामुळं मालिकेच्या पुढच्या भागात मोठा मास्टर सिलेंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा पंप) येणार होता, तो रद्द. आधी मागचे ड्रम उघडून लायनर आणि ॲडजस्टर बघायचे, मग वॉल्व्हच्या दांड्याची लांबी. अंदाजानं नट फिरवायचा नाही, कारण मागचे ब्रेक जास्त झाले तर रिकाम्या गाडीचं मागचं चाक ओल्या रस्त्यावर लॉक होतं. म्हणून मूळ माप हवं. शेजारच्या दूधवाल्याची गाडी याच मॉडेलची, पाटे कंपनीचेच. उद्या पहाटे तो दूध उतरवून आला की रिकाम्या गाडीखाली टेप घेऊन शिरणार आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी हे उरकायचंय. त्याला अजून विचारलेलं नाही.