आमची वाटचाल : आईच्या मशीनवरून नंबर प्लेटपर्यंत

मागच्या चाकात कपड्याच्या चिमट्यानं पत्ता अडकवला की सायकल फटफटीसारखी वाजते. बदामाचा राजा लावला तर जास्त वाजते, असा आमच्या वाड्यात समज होता. त्यामुळे घरातला कॅट कायम एकावन्न पत्त्यांचा.

आज आम्ही बीएमएक्सच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत पळवायच्या छोट्या सायकलींच्या, नंबर प्लेट आणि पॅड बनवतो. त्याची सुरुवात १९८८ची. बीएमएक्स हा शब्द आम्हाला कळला तो रद्दीच्या दुकानात सापडलेल्या एका परदेशी मासिकाच्या चार पानांतून. आठ पोरं एका फळीवर चाकं टेकवून उभी, पुढच्या फोटोत तीच हवेत. वीस इंची चाकं, हँडलवर शर्यतीच्या क्रमांकाची नंबर प्लेट, मधल्या दांडीवर गुबगुबीत पॅड. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९७०च्या आसपास मोटोक्रॉसवाल्यांची, म्हणजे मातीत मोटरसायकली पळवणाऱ्यांची, नक्कल करत हा खेळ सुरू केला, हे पुढे वाचलं तेव्हा हसू आलं. म्हणजे तीही आमच्यासारखी फटफटीच वाजवत होती!

आमच्याकडे होती सेकंडहँड बीएसए एसएलआर. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड सगळं उतरवलं आणि पुण्यातल्या तळजईच्या उतारावर नेली. आठवड्यात कॉटर पिन ढिली होऊन क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, खटखटायला लागला. कोपऱ्यावरचे सायकलवाले काका म्हणाले, "अरे, उड्या मारायच्या तर माकड पाळ, सायकल कशाला?" पिन ठोकून दिली, पैसे मात्र घेतले नाहीत. पॅड आईनं शिवून दिलं: स्कूटरच्या फाटक्या सीटकव्हरचं रेक्झिन, आत जुन्या सतरंजीचे तुकडे. आमच्या धंद्यातला पहिला माल तोच म्हणायला हवा.

मधली वीस-पंचवीस वर्षं भोसरीतल्या नोकरीत गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

मग एका रविवारी जुन्या बाजारात वीस इंची, उंच हँडलची एक गंजकी फ्रेम दिसली. घरी आणली आणि फसलो. टायरवर 'वीस इंच' लिहिलेलं असतं, पण वीस इंच दोन प्रकारचे असतात: टायर रिमवर जिथं बसतो तो व्यास एकाचा ४०६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ४५१. नाना पेठेतून आणलेले टायर दोनदा परत करून हे शिकलो. आजही नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी रिम मोजतो, मग चहा सांगतो.

सायकल उभी राहिली, पण तिच्या अंगावर दागिने हवेत ना! जुनी अस्सल नंबर प्लेट बाहेरून मागवायची तर कुरिअर आणि ड्युटी धरून आख्ख्या सायकलीएवढी किंमत. नंबर प्लेटचा मान मोठा आहे. अमेरिकेतल्या बॉब हॅरो या बीएमएक्सवाल्यानं १९७८च्या सुमारास अशाच प्लेट विकायला सुरुवात केली आणि त्यातून सायकलींची कंपनी उभी राहिली. आपल्याच्यानं निदान प्लेट तरी होईल, असं वाटलं.

पहिल्या साठ प्लेटांपैकी निम्म्या भोकांपाशी तडकल्या. शीटवाल्यानं नवा माल सांगून पुनर्वापराचं प्लॅस्टिक दिलं होतं. चूक आमचीही होती. पंचनं पाडलेल्या भोकाची कड धारदार राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो. आता पॉलिप्रॉपिलीन वापरतो आणि प्रत्येक भोक ड्रिल करून कड हातानं मोडतो. वेळखाऊ आहे, पण त्यानंतर तडकल्याची तक्रार आली नाही. छपाई नारायण पेठेत, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे करून घेतो. लग्नसराईत आमचं काम मागे पडतं, तेवढं सोसायचं.

पॅडचा पहिला पावसाळाही असाच गेला. गादीतला फोम पाणी पिऊन बसला आणि एका गिऱ्हाइकाची दांडी पॅडखाली गंजली. सामान तर बदलून दिलंच, रंगाचे पैसेही दिले. आता चपलांच्या तळव्यांचं ईव्हीए घालतो, ते पाणी धरत नाही.

नायलॉनची पाच आऱ्यांची चाकं बनवा, असं अनेक जण सांगतात. बनवणार नाही. साच्याचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि स्कायवे ही अमेरिकन कंपनी ती आजही बनवते. नकली चाक विकून कुणाचे दात पाडायचे नाहीत मला.

गिऱ्हाइकं बहुतेक पंचेचाळिशीच्या पुढची. ऑर्डर देताना 'मुलासाठी' म्हणतात, मग हळूच विचारतात, मोठ्या सायकलीला बसेल का? नंबर कुठला, हे विचारलं की खरी गंमत. कुणी शाळेतला हजेरी क्रमांक सांगतो, कुणी पाडलेल्या वाड्याचा घर नंबर. एकानं ५१ मागितला. मी म्हटलं, "का हो, बदामाचा राजा?" तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "आमच्याकडे चौकटची राणी असायची."

पॅडची शिलाई आता धायरीतल्या सीटकव्हरवाल्याकडे होते. नवीन लॉट आला की आधी आईसमोर ठेवतो. ती पॅड उलटंपालटं करते, पायपिंगवरून अंगठा फिरवते. गेल्या महिन्यात चाळीसपैकी सात परत पाठवायला लावले. "टाके मोठे घातलेत मेल्यानं," म्हणाली, "पैसे कापून घे." कापले नाहीत. सात मात्र परत गेले.